डार्सी राहू दे, आधी शार्लट बघा

निळीशाई (धागाकर्ती)

गेला आठवडाभर लेक तापाने घरी होती आणि बाहेर धो धो पाऊस. तिला गुंतवायला म्हणून आम्ही जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेजुडिस' कादंबरीची दोन रूपांतरं पाठोपाठ पाहिली. आधी बीबीसीची १९९५ची सहा भागांची मालिका, मग जो राइटचा २००५चा सिनेमा. लेक सोळाची, मतं ठाम. सिनेमा भारी, आणि मालिकेत 'सगळे नुसते बसून बोलतात'. मी त्या मालिकेच्या डीव्हीडीची पारायणं केलेली. दोन दिवस घरात तापापेक्षा आमचाच पारा जास्त चढला होता.

भांडण अर्थातच नायकावरून, म्हणजे डार्सीवरून. माझा मालिकेतला कॉलिन फर्थ, तिचा सिनेमातला मॅथ्यू मॅकफॅडियन. नायिकेला, लिझी बेनेटला, बग्गीत चढायला हात दिल्यावर तो पाठ फिरवून चालता चालता बोटं ताणतो ना, तेवढ्यात तुझे सहा भाग आले, इति कन्यारत्न. हा वाद पोह्यांत बटाटा घालावा की नाही तसा आहे, संपत नाही आणि संपवायचाही नसतो. त्यासाठी हा धागा नाही.

पण एका जागी दोघी एकदम गप्प झालो. २००५च्या सिनेमात लिझी गोठ्याच्या दारात झोक्यावर बसून गरगर फिरतेय आणि तिची मैत्रीण शार्लट ल्युकस येऊन सांगते, मी मिस्टर कॉलिन्सशी (लिझीने नुकताच नाकारलेला बडबड्या पाद्री) लग्न करतेय. लिझीचं तोंड उघडं ते उघडंच. तेव्हा शार्लट म्हणते, मी सत्तावीस वर्षांची आहे, माझ्याकडे पैसा नाही, पुढे काही आशा नाही, आईवडिलांना माझं ओझं झालंय. आणि मला भीती वाटते. मग जरा चढ्या आवाजात, मला नावं ठेवायची हिंमत करू नकोस. लेकीने हातातला फोन खाली ठेवला. तापातही फोन न सोडणारी पोरगी!

हे भाषण पुस्तकात नाही. पुस्तकातली शार्लट शांतपणे सांगते की मी काही प्रेमबिम मानणारी नाही, मला बरं घर मिळालं की झालं. १९९५च्या मालिकेत ल्युसी स्कॉट जवळपास तेच बोलते, आणि इतक्या साधेपणाने की नंतर भांडी घासताना ते वाक्य परत ऐकू येतं.

तेव्हापासून माझी एक कसोटी झालीये. जुन्या इंग्रजी कादंबरीवरचा सिनेमा जमलाय की नाही हे नायकाच्या शर्टावरून ठरवायचं नाही. कथेत जिला फारसं निवडायला मिळालेलं नाही, अशा बाजूच्या माणसाला दिग्दर्शकाने किती जागा दिली ते बघायचं. तुमच्या पाहण्यातल्या शार्लटी सांगा.

पुणेरी_बोका

रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन येतो. (डार्सी = फर्थ. विषय संपला.)

खडूसकाका

कसोटी चांगली, उदाहरण चुकलं. ते 'मला भीती वाटते' म्हणजे प्रेक्षकाला घास भरवणं आहे. ऑस्टिनबाईंची सगळी ताकद न सांगण्यात. लग्न हाच शिकलेल्या पण गरीब मुलींना हलाखीतून वाचण्याचा त्यातल्या त्यात बरा उपाय, हे बाई निवेदनात एका वाक्यात सांगतात आणि पुढे जातात. शार्लटच्या तोंडी घालत नाहीत, कारण शार्लट ते कधीच बोलणार नाही. बोलणारी असती तर कॉलिन्सबरोबर संसार करू शकली नसती.

दुसरं, त्या सिनेमात बेनेटांच्या, म्हणजे लिझीच्या घरात डुक्कर फिरतं. आवारात बदकं, चिखल, दोरीवर वाळत घातलेले कपडे. अहो, बेनेटांचं उत्पन्न वर्षाला २,००० पौंड आहे! डार्सीच्या १०,०००पुढे कमी वाटतं, पण ही माणसं खाऊनपिऊन सुखी जमीनदार आहेत. जेवण कुठल्या मुलीने केलं असं कॉलिन्स विचारतो तेव्हा बेनेटबाई फणकारतात, आम्हाला स्वयंपाकी ठेवायला परवडतो, माझ्या मुली स्वयंपाकघरात जात नाहीत. त्यांची अडचण आजच्या उपासमारीची नाहीच. इस्टेट मुलग्याकडेच जाणार अशी अट आहे आणि मुलगा नाही, म्हणजे बाप गेला की दुसऱ्या दिवशी घर कॉलिन्सचं. ही टांगती तलवार चिखलाने कशी दिसणार?

अर्थात १९४०चा सिनेमा बघितलात तर हे दोन्ही परवडले. ग्रीर गार्सन आणि लॉरेन्स ऑलिव्हिए. पटकथेला चक्क आल्डस हक्स्ली. आणि शेवटी डार्सीची मावशी लेडी कॅथरीन मनाने चांगली निघते! खाष्ट सासू शेवटच्या भागात सुधारते ना, तसली गत.

निळीशाई

काका, डुकराचं मान्य. भीतीचं नाही. पुस्तकात निवेदिका सतत कानाशी कुजबुजत असते. पडद्यावर ती नसते. तिची वाक्यं कोणाच्या तरी तोंडी घालायला लागतात, नाहीतर टाकून द्यायला लागतात. १९९५मध्ये ते सुप्रसिद्ध पहिलं वाक्य (श्रीमंत अविवाहित पुरुषाला बायको हवीच असणार, हे जगन्मान्य सत्य) लिझीच म्हणते. तेव्हा तुमची तक्रार नव्हती :)

खडूसकाका

लिझी तसं बोलणारी आहे. शार्लट नाही. असो.

मँचेस्टरची_माई

निळीशाई, शर्टाचा विषय तुम्हीच काढलात म्हणून.

मालिकेतलं पेम्बर्ली, म्हणजे डार्सीचा वाडा, बाहेरून म्हणजे लाइम पार्क, आमच्यापासून फार लांब नाही. (आतल्या खोल्या दुसऱ्याच वाड्यातल्या, डर्बिशरमधल्या सडबरी हॉलच्या.) सासूबाई भारतातून आल्या की त्यांना तिथे न्यायचं हा आमचा नेम. मागच्या खेपेला तळ्याकाठी उभ्या राहून त्यांनी विचारलं, 'एवढ्याशा डबक्यात त्याने उडी मारली?' तीही फर्थने मारलेली नाही, उडी स्टंटवाल्याची.

आणि गंमत म्हणजे डार्सी ओल्याचिंब शर्टात पाण्यातून वर येतोय असा प्रसंग त्या मालिकेत नाहीच! तो उडी मारतो, पाण्याखाली दिसतो, आणि मग एकदम हिरवळीवरून चालत येताना लिझीसमोर उभा ठाकतो. तळ्यातून वर येणारा डार्सी आपण सगळ्यांनी मनातल्या मनात शूट केलाय. २०१३मध्ये लंडनच्या हाइड पार्कातल्या तळ्यात डार्सीचा १२ फुटी पुतळा उभा केला होता, कमरेपर्यंत पाण्यात. म्हणजे कधीच न घडलेल्या प्रसंगाचा पुतळा. पुस्तकात तर उडीसुद्धा नाही, अँड्र्यू डेव्हिसने पटकथेत घातलेली आहे.

पुणेरी_बोका

काय सांगता! आत्ता परत लावून बघितलं. खरंच नाहीये. माझी पंचवीस वर्षं वाया.

चकलीताई

मी फक्त कपड्यांचं बोलणार, बाकी तुमचं चालू द्या.

१८१०च्या सुमाराच्या झग्यांत कंबर छातीच्या जरा खाली असते, खाली सगळं सैल. त्यामुळे अशा सिनेमात नायिका पलंगाचा खांब धरून उभी आणि दासी मागून कॉर्सेटच्या नाड्या करकचून ओढतेय हे दृश्य आलं की समजावं, दिग्दर्शकाने दुसऱ्याच काळातलं चित्र उचललंय. कंबर दिसतच नाही तर आवळायची कशाला? जो राइटला ही उंच कंबर आवडत नव्हती, म्हणून त्याने कथा १७९०च्या दशकात ओढली. पण डार्सीच्या मित्राची बहीण कॅरोलाइन बिंगली बघा, ती लंडनची नवी फॅशन घालते. गावातल्या बायका जुन्या बेतात आणि ती नव्या. तिच्या नुसत्या बाह्यांवरून कळतं की ही इथे उपरी आहे आणि तिला ते हवंय. याला म्हणतात पोशाख!

केस मोकळे सोडून बाहेर हिंडणाऱ्या नायिकांबद्दल मी बोलणार नाही. आपल्याकडे पेशवाईतल्या बायका चेन लावलेल्या शिवलेल्या नऊवारीत वावरतात, तेव्हा आपण कोणत्या तोंडाने बोलायचं?

मधुमालती

निळीशाई, तुझ्या कसोटीवर ऑस्टिनच्याच कादंबरीवरचा एमा थॉम्पसनचा 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (१९९५, दिग्दर्शन आंग ली) पैकीच्या पैकी. पटकथेचं ऑस्कर तिला उगाच नाही मिळालं.

सुरुवातच आठवा. मरणाऱ्या बापाला मुलाने वचन दिलंय, सावत्र आईला आणि बहिणींना बघेन. मनात ठरवतो, ३,००० पौंड देऊ. मग बायको बोलायला लागते. एवढे कशाला? बरं, निम्मे, १,५००. तेही जास्त होतात. त्यापेक्षा सावत्र आईला वर्षाला १०० बांधून देऊ. अहो, नेमणूक बांधून दिली की माणसं मरायचं नाव घेत नाहीत! बग्गीतला प्रवास पुढे सरकतो तसा आकडा घसरतो, आणि मुक्काम येईपर्यंत काहीच द्यायचं नाही असं ठरतं, वर वडिलांच्या मनात पैसे नव्हतेच अशी दोघांची खात्री. कुठेही आवाज चढत नाही. फॅनी नवऱ्याच्या भल्याचंच बोलतेय असा चेहरा.

मी हे पाहिलं तेव्हा आमच्याकडे वाटणीचं चालू होतं. आमच्या घरातही नेमकं असंच झालं, फक्त बग्गीऐवजी मोटार होती. जास्त लिहीत नाही.

पुढे त्या चौघी छोट्या घरात येतात, वर्षाला ५०० पौंडांत भागवायचं. थोरली मुलगी एलिनॉर हिशेबाची वही घेऊन बसलेली आणि आई म्हणते, साखर बंद केलीस, आता बीफसुद्धा देणार नाहीस का? प्रेमकथेत मटणाचा भाव येतो तेव्हा मला ती प्रेमकथा खरी वाटते. एमा थॉम्पसन १९ वर्षांच्या एलिनॉरसाठी फारच थोराड होती, हे खरं. पण त्या हिशेबाच्या वहीपुढे मी ते विसरले.

(याचाच तमिळ अवतार 'कंडुकोंडेन कंडुकोंडेन', २०००, राजीव मेनन, जरूर बघा. लोक रहमानची गाणी आणि ऐश्वर्या लक्षात ठेवतात. मी चेट्टिनाडचा वाडा सोडून चेन्नईत नोकरी शोधत फिरणारी तब्बू लक्षात ठेवते.)

खाडीकाठ

मला ऑस्टिन झेपत नाही, फार चहा पितात. 'वदरिंग हाइट्स'वर बोलतो.

माझं आजोळ दाभोळ खाडीचं. तिथे घरटी एक माणूस बोटीवर असायचा. इंग्रज अशा खलाशांना 'लॅस्कर' म्हणत, मूळ शब्द आपला लष्करच. एमिली ब्राँटीच्या १८४७च्या कादंबरीत हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडलेलं पोर आहे, काळंसावळं, कोणाचं ते माहीत नाही. शेजारचा श्रीमंत लिंटन त्याला पहिल्यांदा बघतो आणि म्हणतो, हा एखादा छोटा लॅस्कर असेल, नाहीतर अमेरिकन किंवा स्पॅनिश बेवारशी. पुढे घरातली नोकर नेली त्याला समजावते, कोण जाणे, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी. कॉलेजात हे वाचताना 'लॅस्कर' शब्दाशी मी अडखळलो तो अजून तिथेच आहे. आमच्या खाडीतला पोर यॉर्कशरच्या माळावर!

आता १९३९चा गाजलेला हॉलिवूडपट घ्या. हीथक्लिफ लॉरेन्स ऑलिव्हिए, गोरा. आणि त्याची प्रेयसी कॅथी कोण? मर्ल ओबेरॉन. ही बाई १९११मध्ये मुंबईत जन्मलेली, कलकत्त्यात वाढलेली, आईकडून आशियाई रक्ताची. हॉलिवूडमध्ये टिकायचं म्हणून तिने हे आयुष्यभर लपवलं, जन्म टास्मानियातला असं सांगत राहिली. म्हणजे ज्याला लॅस्कर म्हटलंय त्याच्या जागी गोरा इंग्रज, आणि गोऱ्या इंग्रज मुलीच्या जागी स्वतःची मुंबई लपवणारी नटी. त्यात ती कॅथी म्हणते, मीच हीथक्लिफ आहे. हा संवाद तिच्या तोंडून ऐकताना मला पुढचं काही दिसेना.

अँड्रिया अर्नोल्डने २०११मध्ये पहिल्यांदा कृष्णवर्णीय हीथक्लिफ घेतला. चौकोनी फ्रेम, पार्श्वसंगीत जवळपास नाहीच, नुसता वारा, चिखल आणि पाऊस. झोप येते म्हणणारे भेटतील. मला नाही आली. एमराल्ड फेनेलच्या २०२६च्या सिनेमात हीथक्लिफ जेकब एलॉर्डी, म्हणजे परत गोरा, आणि पुस्तकात निळ्या डोळ्यांचा आहे त्या एडगरच्या, कॅथीच्या नवऱ्याच्या, जागी शझाद लतीफ. आता बोला!

खडूसकाका

खाडीकाठ, उत्तम प्रतिसाद. एक भर. पुस्तकाची प्रकरणं ३४, कॅथी सोळाव्यात मरते. १९३९चा सिनेमा तिथेच आवरतो. म्हणजे सगळी दुसरी पिढी गायब. हीथक्लिफला लहानपणी नोकरासारखं वागवलं, तेच तो पुढे कॅथीच्या भावाच्या मुलाला, हॅरटनला करतो. त्याला अडाणी ठेवतो, त्याचंच घर लुबाडतो. हॅरटन कापलात की हीथक्लिफचा देवदास होतो. धागाकर्तीच्या भाषेत सांगायचं तर या कथेतली शार्लट म्हणजे हॅरटन, आणि तिलाच कात्री.

निळीशाई

काका, माझी कसोटी वापरलीत! तारीख लिहून ठेवते.

अभि_एकटा

मी इथला बहुधा सर्वांत लहान. मला ऑस्टिनच्याच कादंबरीवरचा २०२२चा 'पर्स्युएशन' आवडला. दगड मारा.

खडूसकाका

दगड शोधतोय. पुस्तकात अ‍ॅन आणि वेंटवर्थ ही एकेकाळी लग्न ठरलेली जोडी 'परक्यांपेक्षाही परकी' झालेली असते. सिनेमात ती कॅमेऱ्याकडे बघून म्हणते, आता आम्ही एक्सपेक्षा वाईट आहोत, फ्रेंड्स आहोत. हे ऐकून मी उठून गॅस बंद केलाय का ते बघून आलो.

अभि_एकटा

ते वाक्य वाईट आहे, कबूल. पण काका, मी पुस्तक वाचलं ते तो सिनेमा बघून. नंतर १९९५चा पाहिला, अमांडा रूटवाला. तो दहापट चांगला आहे. तिचा चेहरा सुरुवातीला खरंच थकलेला, विझलेला दिसतो आणि शेवटाकडे हळूहळू उजळतो. डकोटा जॉन्सन पहिल्यापासूनच सुट्टीवर आल्यासारखी दिसते. पण वाईट सिनेमाने दार उघडलं ना?

आणि वाचताना एक सापडलं. अ‍ॅन इलियट २७ वर्षांची. शार्लट २७ची. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त एलिनॉरची बहीण मारियान म्हणते की सत्तावीस वर्षांच्या बाईने प्रेमाची आशा सोडावी. खुद्द ऑस्टिनला डिसेंबर १८०२मध्ये हॅरिस बिग-विदर या जमीनदाराच्या मुलाने मागणी घातली. तिने रात्री हो म्हटलं, सकाळी नाही म्हटलं. जन्म १६ डिसेंबर १७७५. म्हणजे तेव्हा सत्तावीस पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी!

निळीशाई

अभि, दगड परत. हे मला माहीत नव्हतं. म्हणजे बाईंनी एका रात्रीपुरती शार्लट होऊन बघितलं होतं.

सांजवेळ

आपली शार्लट कशी विसरलात? गुरिंदर चढ्ढाच्या 'ब्राइड अँड प्रेजुडिस'मध्ये (२००४) अमृतसरची चंद्रा लांबा, म्हणजे आपली सोनाली कुलकर्णी! लिझीच्या थोरल्या बहिणीच्या, जेनच्या, जागी नम्रता शिरोडकर, म्हणजे मराठी मुली दोन. चंद्रा अमेरिकेतल्या कोहलीला हो म्हणते. सिनेमा नाचगाण्यात धावत असल्यामुळे तिला फार वेळ मिळत नाही, पण सोनालीने त्या थोडक्या वेळात 'मी ठरवलंय' एवढं चेहऱ्यावर ठेवलंय. ग्रीन कार्डवाल्या स्थळाला हो म्हणणाऱ्या माझ्या तीन मैत्रिणी मला त्यात दिसल्या. तिघी सुखात आहेत, उगाच कोणी हळहळू नका.

कुणाला दूरदर्शनची 'तृष्णा' (१९८५) आठवते का? तीही याच कादंबरीवर होती.

पुणेरी_बोका

डिकन्सवर कोणीच नाही? डेव्हिड लीनचा 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१९४६). पहिल्या पाच मिनिटांत दलदल, कुरकुरणारी झाडं, थडग्यांमधून एकदम समोर येणारा कैदी. माझ्या बहिणीने बशी फोडली होती. नायक पिप मोठा झाल्यावरचा जॉन मिल्स चाळिशीकडे झुकलेला वाटतो, कारण तो होताच. कसोटीसाठी माझं नाव पिपचा मेहुणा जो लोहार. लंडनला पिपला भेटायला येतो आणि टोपी कुठे ठेवू हेच त्याला समजत नाही. गावचा काका शहरातल्या फ्लॅटमध्ये आल्यावर चपला हातात धरून उभा राहतो ना, अगदी तसा.

मोगरा

मी रोज वाचते, लिहीत नाही. आज लिहिते.

शार्लट लग्नानंतर जी खोली निवडते तिच्याबद्दल कोणी बोललं नाही. लिझी तिच्याकडे राहायला जाते तेव्हा तिला नवल वाटतं, जेवणाची खोली मोठी, जास्त प्रसन्न, आणि ही बाई बसाउठायला मागची खोली का वापरते? मग लक्षात येतं, चांगल्या खोलीत बसली असती तर कॉलिन्स तिच्याजवळ येऊन बसला असता. २००५च्या सिनेमात शार्लट लिझीला सांगते, ही खोली माझ्या एकटीची. आणि स्वतःचं घर चालवण्यात किती सुख आहे म्हणते. मालिकेतली शार्लट नवऱ्याला बागकामाला उत्तेजन देते. दोन्हीकडे मी एकटीच हसले, घरच्यांना कळेना काय झालं.

लग्न झालं तेव्हा आमच्या दोन खोल्या, माणसं सात. मी शिवणयंत्र गॅलरीच्या टोकाला ठेवलं होतं, दाराआड, वारा यायचा नाही अशा जागी. सासूबाईंना वाईट वाटायचं, पोर उकाड्यात शिवत बसते. आमचे हे तसे भले, पण अखंड बोलणारे. उकाडा त्यांना सोसायचा नाही, पाच मिनिटांत उठून आत जायचे. तिथे पंखा लावून देतो, असं ते तीन उन्हाळे म्हणत होते. मी नको म्हटलं.